समोरचा वकील जजसाहेबांचा पाव्हणा निघाला तर काय करायचं

आमच्या चुलत्यांचा वाटपाचा दावा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात चालू होता, दोन एकर उसाची जमीन आणि भावकी, म्हणजे काय असतंय ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. पुरावा संपत आला होता आणि एका लग्नात आम्हाला कळलं की समोरच्या पार्टीचे वकील आणि आमचे जजसाहेब एकमेकांचे साडू आहेत, पंगतीत शेजारी शेजारी बसलेले. चुलते घरी आले ते गप्पच. आमच्या वकिलांना सांगितलं तर म्हणाले राहू दे, साहेब सज्जन आहेत, उगाच वाईटपणा कशाला. आम्ही राहू दिलं. चार महिन्यांनी निकाल विरोधात गेला आणि मग आम्हाला कंठ फुटला, साडू साडू म्हणून. अपिलात पहिलाच प्रश्न आला, हे तुम्हाला कधी कळलं, आणि कळल्यावर तुम्ही काय केलं? उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी जे वाचलं, वकील मित्रांना चहा पाजून जे विचारून घेतलं, ते इथं लिहितोय. मी वकील नाही, तुमच्या केसचा कागद तुमच्या वकिलालाच दाखवा, पण त्यांच्याकडे जाताना आपल्याला नेमकं काय मागायचंय एवढं तरी डोक्यात असू दे.

आधी नातं नक्की कुठलं ते बघा

कोर्टात "पाव्हणा आहे" म्हणून चालत नाही, कोल्हापुरात सगळेच एकमेकांचे पाव्हणे आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलांच्या वागणुकीचा भाग आहे, त्यातला सहावा नियम सांगतो की कोर्टात, ट्रिब्युनलमध्ये किंवा एखाद्या अधिकाऱ्यासमोर बसणारी व्यक्ती वकिलाची ठरावीक नात्यातली असेल तर त्या वकिलाने तिथं उभंच राहायचं नाही. यादी लांबलचक आहे. वडील, आजोबा, मुलगा, नातू, भाऊ, बहीण, नवरा, बायको, आई, मुलगी, सासू, सासरा, जावई, सून, शिवाय काका मामा आत्या मावशी, पुतणे भाचे, आणि फर्स्ट कझिन म्हणजे चुलत, मामे, आते, मावस सगळी भावंडं.

गंमत इथं आहे की यादी इंग्रजीत आहे आणि इंग्रजांकडे नात्यांची गरिबी. त्या यादीतल्या ब्रदर-इन-लॉ या एकाच शब्दात आपला मेव्हणा, दाजी आणि दीर बसतात, साडूही बसतो असं म्हणता येतं पण समोरचा वकील तिथंच वाद घालणार की साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, तो कुठला ब्रदर. म्हणून अर्जात नुसतं ब्रदर-इन-लॉ लिहू नका, "जजसाहेबांच्या पत्नी आणि वकीलसाहेबांच्या पत्नी सख्ख्या बहिणी आहेत" असं सरळ लिहा, मग कुणाला शब्दाशी खेळता येत नाही. आणि व्याही? व्याही त्या यादीत नाहीतच. आपल्याकडे व्याह्याचा मान सख्ख्या भावापेक्षा जास्त असतो, पण नियम लिहिणाऱ्याला ते माहीत नसावं. म्हणून व्याही असेल तर या नियमावर जाऊ नका, पुढे सांगतो त्या रस्त्याने जा.

आणखी एक, हा नियम त्या जजच्या कोर्टापुरता आहे, अख्ख्या बिल्डिंगपुरता नाही. जजसाहेबांचा मुलगा कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या जजसमोर वकिली करत असेल तर तेवढ्यावरून नियम मोडत नाही. तुम्हाला बरं वाटत नसेल, पण तक्रार होत नाही.

जजवर काय बंधन आहे

वकिलाचं झालं. जजच्या बाजूने, सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायमूर्तींनी मिळून 7 मे 1997 ला न्यायिक जीवनाच्या मूल्यांची 16 कलमी यादी स्वीकारली. त्यात स्पष्ट आहे की जवळचं माणूस, म्हणजे बायको, मुलगा, मुलगी, जावई, सून किंवा इतर जवळचा नातेवाईक वकील असेल तर त्याला आपल्यासमोर उभं राहू द्यायचं नाही, इतकंच नाही तर त्या केसशी कसलाही संबंध असू द्यायचा नाही. हे "कसलाही संबंध" फार कामाचं आहे, कारण हुशार माणूस वकीलपत्र ज्युनिअरच्या नावावर टाकतो आणि स्वतः मागे बसून ड्राफ्ट करतो. दुसरं, जज राहतात त्या बंगल्यात घरातल्या वकिलाने पक्षकार बसवायचे नाहीत. तिसरं, घरचा, जवळचा नातेवाईक किंवा मित्र ज्या प्रकरणात गुंतलाय ते प्रकरण ऐकायचंच नाही. इथं मित्रसुद्धा आला बघा, म्हणजे आपला व्याही इथं बसतो.

त्याच यादीत शेअर्सचंही आहे, ज्या कंपनीचे शेअर्स जजकडे आहेत तिचं प्रकरण ऐकायचं असेल तर आधी सांगायचं आणि कुणाची हरकत नसेल तरच ऐकायचं. आता कंपनी म्हणजे कंपनी, पण आपल्याकडे खरा प्रश्न साखर कारखान्याचा आणि दूध संस्थेचा असतो. घरात कुणीतरी सभासद असतंयच. माझं मत विचाराल तर नुसत्या सभासदत्वावरून जजला बाजूला करायला जाऊ नका, तसं केलं तर या जिल्ह्यात कारखान्याची केस चालवायला माणूस मिळायचा नाही. पण जजचे सख्खे मेव्हणे त्याच कारखान्याचे संचालक असतील आणि केस त्याच संचालक मंडळाची असेल, तर मग बोललंच पाहिजे.

ही यादी कायदा नाही, ती मोडली म्हणून थेट शिक्षा ठोकता येत नाही, पण वागणूक मोजायची पट्टी म्हणून ती वापरली जाते. फौजदारीला मात्र लेखी कायदाच आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 525, ज्या प्रकरणात न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेट स्वतः पक्षकार आहे किंवा त्याचा वैयक्तिक हितसंबंध आहे ते त्याने अपील कोर्टाच्या परवानगीशिवाय चालवायचं नाही. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हेच 479 होतं.

दोन रस्ते आहेत, त्यांची भेळ करू नका

इथं बहुतेक लोक चुकतात, आम्हीही चुकलो. एक रस्ता म्हणजे माझी केस दुसऱ्या जजकडे द्या. दुसरा रस्ता म्हणजे या जजवर शिस्तीची कारवाई करा. पहिल्याला जज वाईट आहे हे सिद्ध करायची गरजच नाही. सुप्रीम कोर्टाने रणजित ठाकूर प्रकरणात 1987 मध्ये सांगून ठेवलंय की जजने स्वतःच्या मनात पक्षपात आहे का हे बघायचं नाही, समोरच्या पक्षकाराच्या मनाला काय वाटेल ते बघायचं. म्हणजे साहेब देवमाणूस असले तरी साडू तो साडूच. दुसऱ्या रस्त्याला मात्र गैरवर्तन दाखवावं लागतं, नातं लपवलं, माहीत असून केस ठेवली, आणि त्यातून काहीतरी केलं. दोन्ही एकाच कागदात घातलं की पहिलंही जातं, कारण वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस चिडलाय.

पहिला रस्ता: केस हलवणे

कळल्या दिवशी वहीत तारीख लिहून ठेवा, कुठे कळलं, कुणाकडून कळलं. मग पुढच्याच तारखेला, दोन तारखा थांबू नका, त्याच कोर्टात लेखी अर्ज द्या की अमुक नातं आमच्या माहितीत आलंय, साहेबांनी हे प्रकरण स्वतःकडे ठेवू नये अशी विनंती. अर्ज विनम्र ठेवा, आरोप एकही नको. बरेचसे जज इथंच स्वतःहून वरती कळवतात आणि विषय संपतो, आणि खरं सांगायचं तर अनेकदा त्यांनाही माहीत नसतं की वकीलपत्रात आपल्या मेव्हण्याच्या ऑफिसचा माणूस घुसलाय. अर्जाला निशाणी, म्हणजे कोर्टाचा नंबर, पडली का बघा, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, उल्लेख आला का बघा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

घाई का, तर 1957 चा माणकलाल विरुद्ध प्रेमचंद सिंघवी हा निकाल. तिथं एका वकिलाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षच पूर्वी तक्रारदाराच्या बाजूने उभे राहिलेले होते. सुप्रीम कोर्ट म्हणालं अध्यक्ष बसायला नको होते हे बरोबर, पण तुला सगळं माहीत होतं आणि तू निकाल येईपर्यंत गप्प बसलास, आता तक्रार चालणार नाही. आमच्या चुलत्यांचं तंतोतंत तेच झालं, फक्त 60-65 वर्षांनी आणि उसाच्या जमिनीत.

त्या कोर्टाने अर्ज फेटाळला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 24, त्याखाली प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा हायकोर्टाकडे दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करायची मागणी करता येते. फौजदारी असेल तर सत्र न्यायाधीशांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 448 खाली, हायकोर्टाकडे 447 खाली. बहुतेकांना जिल्ह्यातच काम होतं. आणि हायकोर्टात जायचं झालं तरी आता पूर्वीसारखं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढून मुंबई गाठायला नको, 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच भाऊसिंगजी रोडच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांसाठी. कित्येक वर्षं वकिलांनी त्यासाठी रस्त्यावर बसून काढली.

दोन गोष्टी वकील सहसा स्वतःहून सांगत नाहीत. वर्ग करायचा अर्ज टाकला म्हणून खालचं काम आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते, नाहीतर तुम्ही वर तारखा घेताय आणि खाली निकाल लागलाय. आणि केस हलली तर नवीन जज ती जिथं थांबली तिथून पुढे चालवू शकतात किंवा नव्याने घेऊ शकतात, म्हणून तुमचे साक्षीदार म्हातारे असतील तर त्यांचा पुरावा तसाच धरावा अशी विनंती त्याच अर्जात घाला.

आणि हो, याचा उलटा धंदाही चालतो तो करू नका. जज आवडत नाही म्हणून मुद्दाम त्यांच्या नात्यातला वकील शोधून त्याचं वकीलपत्र टाकायचं म्हणजे साहेबांना केस सोडावीच लागेल. याला बेंच हंटिंग म्हणतात, कोर्टाला ते लगेच कळतं, आणि मग जज जात नाहीत, वकील जातो आणि तुमची इज्जत जाते.

पुरावा कुठून आणायचा

कोल्हापुरात नात्याचा पुरावा शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही, लग्नपत्रिका बास. त्यात मामा, आत्या, दाजी, जावई सगळे नावानिशी छापलेले असतात, हुद्द्यासकट. चौकातला वाढदिवसाचा डिजिटल फलक, पेपरात आलेली निधनवार्ता ज्यात पश्चात कोण कोण आहे ते असतं, हे सगळं चालतं कारण लोकांनी स्वतः जाहीर केलेलं असतं. वकीलपत्राची आणि रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा, म्हणजे तो वकील त्या जजसमोर अमुक तारखांना उभा होता हे दिसेल. ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा वेगळा क्रमांक, टाकला की तारखा आणि वकिलांची नावं सापडतात, तेवढ्यासाठी कोर्टात चकरा नकोत.

काय करायचं नाही तेही ऐका. साहेबांच्या बंगल्याबाहेर उभं राहून फोटो काढायचे नाहीत, कोर्ट हॉलमध्ये मोबाईलवर रेकॉर्डिंग नाही, साहेबांना घरी जाऊन भेटायचा प्रयत्न तर अजिबात नाही, एका ओळखीच्याने "समजावून सांगतो" म्हणून गेट गाठलं आणि नंतर त्याच्यावरच निस्तरायची वेळ आली.

दुसरा रस्ता: शिस्तीची तक्रार

वकिलाविरुद्ध असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 चं कलम 35, तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा नावच पटावरून काढू शकते. वर्षभरात निपटारा झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. माझ्या मते नात्याच्या प्रकरणात हा दरवाजा लोक विसरतात, सगळा राग जजवर काढतात, वास्तविक नियम आधी वकिलालाच सांगतो की बाबा तू उभा राहू नकोस.

तालुका आणि जिल्हा पातळीच्या जजवर नियंत्रण हायकोर्टाचं, घटनेचं कलम 235. तक्रार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा हायकोर्टाच्या रजिस्ट्रार जनरलकडे पाठवायची, तिथून ती जिल्ह्याच्या पालक न्यायमूर्तींपुढे, म्हणजे त्या जिल्ह्यावर देखरेख ठेवणाऱ्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींपुढे, जाऊ शकते. सोबत शपथपत्र पाहिजे आणि तपासता येईल असा कागद पाहिजे, निनावी पत्र कचऱ्यात जातं आणि गेलंच पाहिजे, नाहीतर हरलेला प्रत्येक माणूस पत्र लिहील. चौकशी झाली आणि दोष सिद्ध झाला तर ठपका, वेतनवाढ रोखणं, इथपासून सक्तीची निवृत्ती आणि बडतर्फीपर्यंत शिक्षा होते. हे नुसतं कागदावर नाही, महाराष्ट्रातल्याच एका न्यायाधीशाने जवळीक असलेल्या महिला वकिलाच्या पक्षकारांच्या बाजूने आदेश दिले म्हणून नोकरी गेली, आणि सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये ती बडतर्फी कायम ठेवली. तिथं तर रक्ताचं नातंही नव्हतं.

पण त्याच वर्षी बिहारच्या एका न्यायाधीशाच्या प्रकरणात, कृष्णप्रसाद वर्मा त्यांचं नाव, सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की निकाल चुकला म्हणून जजवर शिस्तीची कारवाई करायची नाही, त्यामागे बाहेरचं काही कारण होतं हे दाखवावं लागेल. म्हणून तक्रारीत "निकाल चुकीचा आहे" यावर चार पानं लिहू नका, ते अपिलाचं काम. तक्रारीत फक्त नातं, तारखा, आणि जजना ते माहीत होतं हे कशावरून, एवढंच.

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचं वेगळं आहे. त्यांना काढायचं तर संसद, लोकसभेचे 100 किंवा राज्यसभेचे 50 खासदार सही करणार मग पुढचं. त्याच्या अलीकडे 1999 साली ठरलेली इन-हाऊस पद्धत आहे, मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा सरन्यायाधीशांकडे तक्रार, न्यायमूर्तींचं उत्तर, गरज वाटली तर तीन जणांची समिती. चौकशी बंद दाराआड, तक्रारदाराला फार काही कळत नाही, आणि मला ते पटत नाही पण आहे हे असं आहे. चांगलं उदाहरणही सांगतो, मध्य प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती अतुल श्रीधरन यांनी 2023 मध्ये मुलगी तिथंच वकिली सुरू करणार म्हणून स्वतःच बदली मागितली आणि ते जम्मू-काश्मीरला गेले. 2009 च्या लॉ कमिशनच्या 230 व्या अहवालात तर ज्यांचे नातेवाईक त्याच कोर्टात वकिली करतात अशा जजसाठी "अंकल जज" असा शब्दच आलाय. कोल्हापूरच्या बेंचला न्यायमूर्ती मोजके आणि वकील सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे हा विषय आपल्याकडे आता जास्त जवळ आलाय असं मला वाटतं.

अवमानाची भीती वाटत असेल तर

ती खरी आहे पण कुठं बोलताय त्यावर आहे. कंटेम्प्ट ऑफ कोर्ट्स ॲक्ट 1971 च्या कलम 6 प्रमाणे खालच्या कोर्टाच्या जजबद्दल चांगल्या हेतूने दुसऱ्या खालच्या कोर्टाकडे किंवा हायकोर्टाकडे केलेलं विधान अवमान होत नाही. तेच वाक्य तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, फेसबुकवर लाईव्ह केलं किंवा पेपरला पत्र दिलं की हे कवच राहत नाही, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चुलत्यांच्या पोराने रागात स्टेटस ठेवलं होतं, ते मी रात्री अकरा वाजता घरी जाऊन काढायला लावलं.

निकाल लागूनच गेला असेल तर

तक्रारीने निकाल फिरत नाही. साहेबांना उद्या बडतर्फ केलं तरी तुमच्याविरुद्धचा हुकूमनामा तसाच उभा. म्हणून अपिलाची मुदत आधी, जिल्हा कोर्टात 30 दिवस, हायकोर्टात 90 दिवस. नात्याचा मुद्दा अपिलाच्या कारणांत घ्या आणि तो आधी का घेतला नाही हे शपथपत्रावर सांगा, निकालानंतरच कळलं असेल तर कसं कळलं ते पुराव्यासकट. आधी कळलं होतं आणि गप्प बसलात असं असेल तर खोटं लिहू नका, उलट तपासात लग्नाचा व्हिडिओ निघतो आणि त्यात तुम्ही जिलेबी खाताना दिसता. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

अर्ज साधारण असा

आमचा दुसरा वकील शहाणा निघाला, त्याने चुलत्यांच्या दुसऱ्या एका वादात असाच प्रसंग आल्यावर पुढच्याच तारखेला हा मजकूर दिला होता, आणि केस तीन आठवड्यांत दुसऱ्या कोर्टात गेली. नावं काढून देतोय.

"मे. कोर्टास वादीतर्फे विनंती अर्ज की, प्रतिवादीतर्फे हजर असलेले विद्वान वकील हे मे. कोर्टाच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या पत्नीचे सख्खे बंधू असल्याचे वादीस दिनांक अमुक रोजी प्रथमच समजले. त्याबाबत छापील लग्नपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे. वादीचा मे. कोर्टावर कोणताही आरोप नाही. तथापि वादीच्या मनात राहणारी शंका दूर व्हावी म्हणून प्रस्तुत प्रकरण अन्य सक्षम न्यायालयाकडे वर्ग होण्यासाठी योग्य तो अहवाल मे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश यांच्याकडे पाठवावा, आणि तोपर्यंत पुढील काम तहकूब ठेवावे, ही विनंती. वादीने हा अर्ज माहिती मिळाल्यानंतर पहिल्याच तारखेस दिला आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. तीन प्रती काढा, एक कोर्टाला, एक समोरच्या वकिलाला, आणि तिसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही आणि तारीख घेऊन ती घरी ट्रंकेत ठेवा.